कपाटातल्या जुन्या फोनची बॅटरी फुगली आहे, काय करावं?

कोरी पाटी

कपाट आवरताना जुना स्मार्टफोन सापडला. नवा घेतल्यावर हा बाजूला ठेवला होता, तेव्हा ठणठणीत होता. पाण्यात पडलेला नाही, आपटलेला नाही. आता मागचं झाकण एका कडेने वर आलंय आणि फटीतून बॅटरीचं चंदेरी पाकीट दिसतंय. टेबलावर ठेवला तर डुगडुगतो.

यात आईच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग आहेत, त्यांची प्रत दुसरीकडे कुठेही नाही. त्यामुळे टाकून देऊन मोकळं होणं शक्य नाही. चार्जरला लावून पटकन सगळं कॉपी करून घ्यावं असं आधी वाटलं, पण झाकणाकडे बघून हात थांबला.

चार्जिंगला लावू का? रात्रभर घरात ठेवला तर चालेल का? आणि वापरात नसलेल्या फोनची बॅटरी फुगतेच कशी, हेही कुणी समजावलं तर बरं होईल.

खटका

लावू नका. हात थांबला ते उत्तम झालं.

मी फोन दुरुस्तीचं काम करतो, फुगलेल्या बॅटऱ्या नेहमी बघतो. त्यातल्या ज्यांनी त्रास दिला त्या बहुतेक चार्जिंगला असताना, नाहीतर कुणी दाबताना किंवा उचकटताना. नुसती पडून राहिलेली बॅटरी आपणहून पेटणं क्वचित घडतं, पण घडू शकतं. म्हणून आज रात्रीपुरती व्यवस्था सांगतो.

फोन चालू असेल तर बंद करा. बंदच असेल तर चालू होतो का हे बघायचा मोह आवरा. कव्हर हलक्या हाताने निघत असेल तर काढा, नसेल तर राहू द्या. झाकण दाबून परत बसवू नका, रबरबँड लावू नका, वर काही ठेवू नका. मातीची कुंडी, चिनी मातीचं भांडं किंवा पत्र्याचा डबा घ्या, तळाशी कोरडी वाळू पसरा आणि त्यावर फोन ठेवा. वर झाकण ठेवायचंच असेल तर नुसतं टेकवा. घट्ट लावलं आणि आतून वायू सुटला तर त्याला वाट राहणार नाही. भांडं पडदे, कागद, गाद्या आणि गॅसपासून लांब, सावलीत, मोकळ्या फरशीवर असू द्या. झोपायच्या खोलीत नको. ऊन नको, पाऊसही नको.

एक गोष्ट आत्ताच करता येईल. सिम आणि मेमरी कार्डाचा ट्रे बाजूने सहज निघत असेल तर काढून घ्या. रेकॉर्डिंग कार्डावर असतील तर बरंचसं काम तिथेच झालं. ट्रे अडकत असेल तर जोर लावू नका, आत बॅटरीने जागा दाबलेली असू शकते.

पाऊलवाट

एवढं घाबरायचं कारण आहे का? मी व्हिडिओत बघितलंय, टाचणीने बारीक भोक पाडतात, हवा निघून जाते, बॅटरी सपाट होते, वर टेप लावला की पुन्हा वापरायला मोकळी. बटणांच्या फोनच्या बॅटऱ्यांना तर कित्येक जण असंच करतात.

अभ्रक

पाऊलवाट, कृपा करून हे कुणालाही सुचवू नका. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या पाकिटात काय असतं ते आधी बघू. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लावलेला धन ध्रुव, फोनमध्ये बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा. तांब्याच्या पत्र्यावर लावलेला ग्राफाइटचा ऋण ध्रुव. दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा, जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन. हे थर घट्ट गुंडाळलेले किंवा एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यात सेंद्रिय कार्बोनेट द्रावकांमध्ये विरघळवलेलं लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट हे क्षार भरलेलं असतं. हे द्रावक ज्वलनशील आहेत.

टाचणी कितीही बारीक घेतली तरी तिच्यापुढे तो पडदा टिकत नाही. शिवाय फुगलेल्या पाकिटात वायू कुठे संपतो आणि थर कुठे सुरू होतात हे बाहेरून कळत नाही. टोक थरांत शिरलं की दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडतात, तिथे शॉर्ट होतो आणि तेवढी जागा तापते. १३० अंश सेल्सिअसच्या आसपास पॉलिइथिलीनचा पडदा वितळू लागतो, शॉर्ट पसरतो, आणखी तापलं की धन ध्रुवातून ऑक्सिजन सुटू लागतो. इंधन आत, उष्णता आत, ऑक्सिजनही आत. म्हणून ही आग नुसती झाकून विझत नाही.

समजा टोक थरांपर्यंत पोचलंच नाही. तरी भोकातून हवेतला ओलावा आत जातो आणि त्या क्षाराशी त्याची विक्रिया होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. ते विषारी आहे, त्वचेला आणि फुप्फुसांना जाळतं. आणि बाहेर येणारा वायूही साधी हवा नसते. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, इथिलीन यांचं मिश्रण असतं ते, शिवाय द्रावकाची वाफ.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. टेप लावलेली बॅटरी सपाट दिसते. आतला बिघाड होता तसाच, पण तो दाखवणारी एकमेव खूण नाहीशी झालेली. ती बॅटरी मग कुणाच्यातरी खिशात जाते.

आता वापरात नसताना वायू होतो कसा, याबद्दल.

वायू प्रत्येक लिथियम-आयन सेलमध्ये होतो, अगदी पहिल्या चार्जपासून. पहिल्या चार्जच्या वेळी द्रावकाचा थोडा भाग ग्राफाइटवर मोडतो आणि तिथे एक संरक्षक थर बनतो. तो थर आवश्यकच असतो, तो नसेल तर द्रावक मोडतच राहील. या वेळी निघणारा वायू कारखान्यात पाकिटाला जोडलेल्या जादा पिशवीत साठू देतात, मग तो ओढून घेतात, पिशवी कापतात आणि पाकीट पुन्हा सील करतात. त्यानंतर पुढच्या आयुष्यात जो वायू होतो त्याला बाहेर जायला वाट नसते.

पुढे तो वाढतो दोन कारणांनी. पूर्ण चार्ज असलेल्या सेलमध्ये धन ध्रुव ४.२ व्होल्टच्या वर, नव्या फोनमध्ये तर ४.४ व्होल्टच्याही वर असतो, आणि त्या ताणाखाली द्रावकाचं हळूहळू ऑक्सिडीकरण होत राहतं. उष्णता मिळाली की ही क्रिया वेग घेते. म्हणजे फोन १०० टक्के चार्ज करून गरम कपाटात ठेवला तर कुणी हात न लावताही बॅटरी झिजत असते.

दुसरं कारण याच्या बरोबर उलट. पार रिकामी होईपर्यंत फोन पडून राहिला तर सेलचा व्होल्टेज खाली खाली जात राहतो. बॅटरीवरचं संरक्षक सर्किट ठरावीक पातळीला पुरवठा तोडतं, पण सेलची स्वतःची गळती चालूच राहते. व्होल्टेज फारच उतरला की ऋण ध्रुवाखालचं तांबं विरघळायला लागतं आणि तो संरक्षक थरही मोडतो, त्यातूनही वायू होतो. अशा सेलला नंतर चार्जिंगला लावलं की विरघळलेलं तांबं नको तिथे परत साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा मार्ग तयार होतो. कोरी पाटी, तुमचा फोन बराच काळ पडून होता, म्हणून तुमच्याकडे या दुसऱ्या प्रकाराची शक्यता मला जास्त वाटते. चार्जरला लावला असता तर सगळ्यात वाईट गोष्ट तीच झाली असती.

आकाशकंदील

अभ्रक, फार चांगलं समजावलंत. एक विचारायचं होतं. फुगलेली बॅटरी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की तिच्यातला चार्ज संपतो आणि मग ती निर्धोक होते, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. फ्रीझरमध्ये ठेवली की फुगवटा उतरतो असंही.

अभ्रक

दोन्ही नकोत.

मिठाच्या पाण्यात विद्युत अपघटन सुरू होतं, हायड्रोजन आणि क्लोरीन सुटतात, आणि बॅटरीच्या पट्ट्या गंजून तुटतात. पट्टी तुटली की डिस्चार्ज तिथेच थांबतो. आत चार्ज शिल्लक आहे की नाही हे मोजायलाही मग टोक उरत नाही. पाणी आत शिरलं तर वर लिहिलेलं हायड्रोजन फ्लोराइड आहेच.

फ्रीझरमध्ये वायू थंड होऊन किंचित आकुंचन पावतो, द्रावकाची वाफ थोडी द्रवात परतते, म्हणून फुगवटा कमी झाल्यासारखा दिसतो. बाहेर काढलं की तो परत येतो, वर फोनच्या आत दव धरतं ते वेगळंच.

कोरी पाटी

सर्वांचे आभार. फोन वाळूच्या कुंडीत ठेवलाय, बाहेर, सावलीत. ट्रे निघाला, पण कार्डावर फक्त गाणी आहेत. रेकॉर्डिंग फोनच्या आतल्या मेमरीतच असणार.

आता खरा प्रश्न. फोन चालू होतो का ते बघावं का? थोडा चार्ज असेल तर वायफायवरून रेकॉर्डिंग काढता येतील.

खटका

यावर माझं मत देतो, अभ्रक यांचं वेगळं असू शकेल.

नुकताच फुगायला लागलेला आणि रोजच्या वापरात असलेला फोन असेल, तर मी लोकांना सांगतो की चार्जर न लावता, फरशीवर ठेवून, समोर बसून महत्त्वाचं तेवढं वायफायवरून कॉपी करून घ्या आणि बंद करा. त्यात चार्जही उतरतो, आणि उतरलेली बॅटरी हाताळायला बरी. ३००० एमएएचची बॅटरी भरलेली असेल तर तिच्यात साधारण ११ वॉट-तास ऊर्जा असते, २० टक्क्यांवर दोन-सव्वादोन. फरक मोठा आहे. विमानाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवताना त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ पासून आहे तो याचमुळे.

पण तुमचा फोन त्या प्रकारातला नाही. झाकण उचललं जाईपर्यंत फुगलाय, आत स्क्रीनच्या पट्टीवर आणि बोर्डावर दाब असणार. रेकॉर्डिंग बॅटरीत नसतात, मदरबोर्डावरच्या मेमरी चिपमध्ये असतात, आणि बॅटरी फुगल्याने त्या चिपला सहसा काही होत नाही. तेव्हा घाई करू नका. जाणकार माणसाकडून बॅटरी बाहेर काढून घ्या. मग बोर्डाला डीसी पॉवर सप्लायवरून ३.८ ते ४ व्होल्ट देऊन फोन चालू करता येतो, किंवा दुसरी चांगली बॅटरी जोडून. तुमचं काम तिथे होईल.

नेण्याआधी फोन करून विचारा, फुगलेली बॅटरी काढता का म्हणून. नेताना वाळूसकट डब्यातच न्या, खिशात किंवा पर्समध्ये नको. उन्हात उभ्या गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

अभ्रक

सहमत. माझं मत थोडं अधिक कडक आहे, दिसण्याइतकी फुगलेली कुठलीही बॅटरी चालू करू नये असं मला वाटतं. पण चालू अवस्थेतल्या फोनमधला डेटा वाचवण्याची गरज मलाही समजते. फक्त गेम लावून किंवा व्हिडिओ लावून चार्ज उतरवायला जाऊ नका. प्रोसेसर तापतो आणि त्याला लागूनच बॅटरी असते.

पाऊलवाट

टाचणीचं मी मागे घेतो, अभ्रक यांचं सगळं वाचलं. पण उघडणं एवढं कठीण असतं का? माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हरचा संच आहे, बॅटरी चिकटवलेली असते तेवढी सोडवायची.

खटका

चांगली बॅटरी बदलणं सरावाने जमतं. फुगलेली काढणं हे वेगळं काम आहे, आणि ते घरी करा असं मी सांगणार नाही. तरी दुकानात काय व्हायला हवं हे ग्राहकाला माहीत असलेलं बरं, कारण समोरचा नीट काम करतोय की नाही हे तुम्हाला दिसलं पाहिजे.

झाकण उघडताना नेहमी हीट गनने गोंद मऊ करतात. फुगलेल्या बॅटरीवर हीट गन चालवताना दिसली तर थांबवा. झाकण आधीच अर्धं सुटलेलं असतं, उरलेल्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून पातळ प्लॅस्टिक कार्डाने ते सोडवता येतं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मग स्क्रू वगैरे.

बॅटरीखालचा गोंद हा सगळ्यात नाजूक भाग. काही फोनमध्ये ओढून काढायच्या पट्ट्या असतात, त्या सावकाश, जवळपास आडव्या ओढायच्या. पट्टी तुटली किंवा नसलीच तर कडेने थेंब थेंब अल्कोहोल सोडून काही मिनिटं थांबायचं, गोंद ढिला होतो. अल्कोहोलही ज्वलनशील आहे, जवळ ठिणगी नको, सोल्डरिंग आयर्न बंद. मग बोथट प्लॅस्टिक कार्ड बॅटरी आणि चौकटीच्या मधून. धातूचं पातं अजिबात नाही. बॅटरी वाकता कामा नये, आणि घाईने वर उपटायला गेलं की ती वाकतेच. मी पाहिलेले बहुतेक अपघात याच टप्प्यावरचे आहेत, वेळ वाचवायला म्हणून पातं घातलं आणि कोपरा भोसकला गेला.

डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे हातमोजे, खिडकी उघडी, शेजारी वाळूचा डबा. एवढं ज्याच्या टेबलावर दिसेल त्याच्याकडे निर्धास्त द्या. गोडसर, थिनरसारखा वास आला तर पाकीट कुठेतरी फुटलंय असं समजून काम थांबवायचं, बॅटरी वाळूत ठेवायची आणि खोलीबाहेर जायचं. त्वचेवर द्रव लागला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवायचं, बॅटरीतला द्रव होता हे सांगायचं.

काढून झाल्यावर कनेक्टरवर इन्सुलेशन टेप. आणि फोनचं झाकण परत लावताना त्या खोबणीत फुगलेली बॅटरी परत दाबून बसवायचा प्रश्नच येत नाही.

आकाशकंदील

समजा प्रयत्न करूनही पेट घेतला, तर पाणी मारायचं की वाळू टाकायची? लिथियम आणि पाण्याचं वैर असतं असं शाळेत शिकलोय.

अभ्रक

शाळेत शिकलात ते लिथियम धातूबद्दल, आणि ते खरं आहे. चांगल्या स्थितीतल्या लिथियम-आयन बॅटरीत लिथियम आयनांच्या रूपात असतं, धातू म्हणून जवळपास नसतंच. या आगीत मुख्य प्रश्न उष्णतेचा असतो, ती काढून घेतली नाही तर विझल्यासारखी वाटणारी बॅटरी पुन्हा पेटते. आणि उष्णता काढण्यात पाण्याइतकं चांगलं काही नाही. फोनएवढ्या वस्तूवर भरपूर पाणी ओतणं योग्य आहे. विमानात प्रवाशाचा फोन पेटला तर कर्मचाऱ्यांना पाणी किंवा अल्कोहोल नसलेलं दुसरं पेय ओतायला शिकवतात. बर्फ ठेवायला मात्र मनाई असते, कारण बर्फाखाली उष्णता कोंडते.

फोन चार्जरला लावलेला असेल तर आधी वीज बंद, मगच पाणी. वाळूने ज्वाळा आणि ठिणग्या आवरतात, आजूबाजूला आग पसरत नाही, पण बॅटरी आत तापलेलीच राहते. हाताशी फक्त वाळू असेल तर वाळू टाका आणि लांब व्हा. दोन्हीपेक्षा आधी धूर. तो श्वासात जाऊ देऊ नका, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढा. आग फोनपुरती उरली नाही असं दिसलं तर अग्निशमन दलाला बोलवा, स्वतः लढत बसू नका.

दूरध्वनी

थोडं अवांतर होईल, पण याच विषयातलं आहे. मी जुना फोन भिंतीवर लावून घरातला कॅमेरा म्हणून वापरतो. चोवीस तास चार्जरला असतो. काल या धाग्यामुळे जवळ जाऊन बघितलं तर स्क्रीनच्या मधोमध पिवळट डाग दिसतोय आणि पॉवरचं बटण नीट दाबलं जात नाही. हे तेच का?

खटका

तेच. आत्ता जा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. मग फोन बंद करून वाळूत ठेवा, वर लिहिलंय तसा. पुढचं नंतर सविस्तर लिहितो.

कोरी पाटी

कळवायला आले. रेकॉर्डिंग मिळाली, सगळी. दोन ठिकाणी विचारलं तर एकाने ‘आणा, दाबून बसवून देतो’ म्हटलं, तिथे गेले नाही. दुसऱ्याने फोनवरच विचारलं की चार्जिंगला लावला होता का, नाही म्हटल्यावर लगेच आणायला सांगितलं. अल्कोहोल, प्लॅस्टिक कार्ड, चष्मा, सगळं खटका यांनी लिहिलं तसंच. बॅटरी बाहेर आली तेव्हा उशीसारखी गोल झालेली होती. बोर्डाला सप्लाय जोडून फोन चालू केला आणि मी तिथेच बसून रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतली, नंतर आणखी एका ठिकाणी प्रत ठेवली.

बॅटरी त्यांनी ठेवून घेतली नाही, टेप लावून वाळूत परत दिली. ई-कचरा गोळा करणाऱ्यांना आधी विचारलं, फुगलेली आहे हे सांगितलं, तर त्यांनी ती वेगळी आणायला सांगितली. उद्या देऊन येते.

अभ्रक

फार बरं वाटलं वाचून.

आधी विचारलंत हे महत्त्वाचं. फुगलेली बॅटरी ई-कचऱ्याच्या सामान्य पेटीत इतर बॅटऱ्यांबरोबर टाकू नये. घरच्या कचऱ्यात तर कधीच नाही, कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्र असतं, बॅटरी त्यात चिरडली जाते आणि आजूबाजूला कागद आणि प्लॅस्टिक असतंच. कचरा वेचणारी आणि उतरवून घेणारी माणसं तिथे हाताने काम करत असतात, आपण पिशवीत काय टाकलंय हे त्यांना कळायला काही मार्ग नसतो.

कुणी असा फोन दुरुस्तीसाठी कुरिअरने पाठवायच्या विचारात असेल तर तेही करू नका. फुगलेल्या किंवा बिघडलेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी आहे, आणि पाकीट कुठल्या मार्गाने जाईल हे आपल्या हातात नसतं.

पाऊलवाट

माझ्याकडे नोकियाचा बटणांचा फोन अजून आहे, बीएल-५सी बॅटरीचा. काढून बघितली, किंचित फुगल्यासारखी वाटते, नक्की कळत नाही. या बॅटऱ्यांबद्दल पूर्वी काहीतरी इशाराही आला होता ना?

खटका

आला होता, ऑगस्ट २००७ मध्ये. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्यांमध्ये चार्जिंगच्या वेळी शॉर्ट होऊन त्या तापण्याची शक्यता होती. अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या होत्या आणि नोकियाने त्या बदलून द्यायची तयारी दाखवली होती. तो दोष त्या काळातल्या त्या बॅटऱ्यांपुरता होता. तुमची त्यातली नसली तरी इतक्या जुन्या बॅटरीवर आता विश्वास टाकायचं कारण नाही.

सुटी बॅटरी काचेवर किंवा गुळगुळीत टेबलावर ठेवून एका कोपऱ्याला हलकेच ढकला. सपाट असेल तर घासत सरकेल. पोटावर गरगर फिरली तर फुगली आहे. हे किंचित शंका असतानाच करायचं, उघड फुगलेली असेल तर तपासण्यासारखं काही उरत नाही. आणि दोन पत्र्याच्या पट्ट्यांचा तो चिमट्यासारखा युनिव्हर्सल चार्जर घरात असेल तर काढून टाका. फोनमध्ये चार्जिंगवर लक्ष ठेवायला सर्किट असतं, बॅटरी ओळखायला किंवा तिचं तापमान बघायला बॅटरीवर तिसरं टोक असतं. त्या चिमट्याला तिसरं टोक माहीतच नसतं.

नवी बॅटरी घेताना छापलेली तारीख बघा. जुन्या मॉडेलची ‘नवी कोरी’ बॅटरी कित्येकदा बरीच वर्षं गोदामात पडलेली असते. न वापरलेली बॅटरीही वयाने झिजते, कोरी पाटींच्या फोनने ते दाखवलंच. त्याच आकारात मूळ बॅटरीच्या दीडपट-दुप्पट एमएएच छापलेली दिसली तर तिथून निघा, त्या खोबणीत तेवढी ऊर्जा मावत नाही.

दूरध्वनी

बंद करून वाळूत ठेवलाय. काढताना लक्षात आलं, मागची बाजू चांगलीच गरम होती. पण मला कॅमेरा लागतो, घरी वडील एकटे असतात. दुसरा जुना फोन आहे, तो लावला तर त्याचंही असंच होणार का?

खटका

जसा लावला होतात तसा लावला तर कधीतरी होणार. सतत १०० टक्क्यांवर, वर कॅमेरा आणि वायफाय चालू म्हणजे सतत कोमट. अभ्रक यांनी लिहिलेलं पहिलं कारण आणि त्याला वेग देणारी उष्णता, दोन्ही एकाच फोनवर, दिवसरात्र.

हे काम फोनकडूनच घ्यायचं असेल तर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा, बऱ्याच फोनमध्ये आता असते. नसेल तर टायमरचा सॉकेट लावून दिवसातून थोडाच वेळ चार्ज होऊ द्या. कव्हर काढा, भिंतीला चिकटवू नका, मागून हवा खेळेल असा स्टँड वापरा. खिडकीच्या उन्हात नको, टीव्हीच्या किंवा राउटरच्या वर नको. खाली गादी किंवा सोफा येणार नाही अशी जागा निवडा.

खरं सांगायचं तर वडील एकटे असतात म्हणताय, तर मी फोन लावणार नाही. बॅटरी नसलेला, थेट अडॅप्टरवर चालणारा साधा कॅमेरा घेईन. बॅटरीवर लक्ष ठेवायला तिथे कुणीतरी लागतं, आणि तुमच्या घरात दिवसा ते काम वडिलांवर येईल.

दूरध्वनी

पटलं. कॅमेराच घेतो. मग दुसरा जुना फोन तसाच ठेवून द्यायचा असेल तर कसा ठेवू? चांगला आहे, लागला तर असावा म्हणून.

अभ्रक

साधारण ५० टक्के चार्ज करून पूर्ण बंद करा आणि घरातल्या गारसर, कोरड्या जागी ठेवा. दर सहा महिन्यांनी काढून बघा आणि पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत आणा. त्या वेळी टेबलावर पालथा ठेवून डुगडुगतो का, झाकणाच्या कडेला नख अडकेल अशी फट आलीय का, बटणं नेहमीसारखी दाबली जातात का, एवढं चार्जर लावायच्या आधी तपासा. त्यात महत्त्वाचं काही असेल तर ते आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा. आणि बॅटरी काढता येणारा फोन असेल तर ती वेगळी काढून, टोकांवर टेप लावून ठेवा.